प्रूएट

“आणि वर लिहायचं काय?” ग्लेनिसनं विचारलं.

काउंटरच्या पलीकडे दोघं उभी होती, एक मुलगी आणि एक मुलगा, तिशीच्या अलीकडची, नौदलाच्या तळावरची. तळावरची माणसं ओळखायला व्हर्जिनिया बीचमध्ये कुणाला कष्ट पडत नाहीत. बारीक कापलेले केस, मनगटावरचं थोराड घड्याळ आणि बोलता बोलता हाताचं विमान करायची खोड. दोघांनी मोठा चौकोनी केक निवडला होता, आत व्हॅनिला, बाहेर पांढरं क्रीम. मुलगी हसत म्हणाली, “लिहा, ‘एकही प्रूएट नाही! शाब्बास, डेक्स्टर!’” ग्लेनिसच्या एप्रनवर नावाची पट्टी होती, पण तिच्यावर नुसतंच ‘ग्लेनिस’. बेकरीतल्या बाईला आडनाव असतं हे सुपरमार्केटवाल्यांच्या गावी नव्हतं. ती म्हणाली, “काय नाही म्हणालात?” “प्रूएट,” मुलगा म्हणाला. मग ह्या बाईला कुठलं कळायला, अशा चांगुलपणानं त्यानं उजवा हात तिरपा धरला, डाव्या हाताचं जहाज केलं आणि समजावून सांगितलं. “म्हणजे बघा मॅम, रात्री जहाजावर उतरताना दिव्याकडे बघायचं असतं, शेवटपर्यंत. एखादा घाबरतो, दिवा सोडून खाली डेककडे बघतो. डेककडे बघितलं की विमान खाली बसायला लागतं, पॉवर द्यायला उशीर होतो, आणि मग...” उजवा हात डाव्या हाताच्या कडेवर आपटला. “त्याला आम्ही प्रूएट म्हणतो. आमचा मित्र काल जहाजावरची सगळी लँडिंग पास होऊन आला. एकसुद्धा तसलं नाही.” “कुणाचं नाव आहे का ते?” ग्लेनिसनं विचारलं. मुलानं खांदे उडवले. “असेल कुणाचं तरी जुनं. फिल्म दाखवतात आम्हाला.”

जुनं. पोराला जाऊन तिसरा हिवाळा गेला नव्हता अजून, आणि जुनं! पण ग्लेनिस काय म्हणाली? “निळ्यात लिहू की पिवळ्यात?” हे म्हणाली. ते आठवून आता, पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या, तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. तिनं क्रीमची पिशवी हातात घेतली, टोक कापलं आणि लिहिलं. हात थरथरला असता तरी बरं झालं असतं. एखादं अक्षर वाकडं गेलं असतं, केक फुकट गेला असता, आरडाओरडा झाला असता. काही नाही. हात मेला आपला सवयीनं चालला. लग्नापासून ज्या आडनावानं सही केली ते नाव तिनं एका ओळीत, मधोमध, गोल वळणानं काढून दिलं आणि उद्गारचिन्हाच्या खाली टिंबसुद्धा गोल दिलं. वर त्या मुलीनं म्हणावं, “किती सुरेख अक्षर आहे तुमचं!” आणि हिनं म्हणावं, “थँक यू, बेटा.” थँक यू! ह्या दोन शब्दांसाठी ग्लेनिसला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं. डोकं दुखतंय असं सांगून ती दुपारपाळी अर्धी टाकून निघाली होती. मॅनेजर म्हणाला, घरी जा, पाणी पी. पाणी पी म्हणे. ह्या गावात कशावरही इलाज पाणी.

तिनं गाडी काढली. डोक्यावरून एक जोडी विमानं गेली आणि सिग्नलला शेजारच्या पिकअपमधली दोन माणसं बोलता बोलता थांबली, आवाज गेल्यावर अर्ध्या वाक्यापासून पुढे बोलायला लागली. इथं सगळे असंच बोलतात. लग्नातले पाद्रीसुद्धा. बाहेरून आलेल्यांना गंमत वाटते. त्या पिकअपच्या मागच्या बंपरवर, हा आवाज म्हणजे स्वातंत्र्याचा आवाज, असला स्टिकर होता. ग्लेनिसच्या गाडीवरही एके काळी होता. तिच्या पोरानं, कोल्बीनंच लावला होता, आणि मागच्या उन्हाळ्यात तिनं तो चाकूनं खरवडून काढला तेव्हा रंगही निघाला. तिचा नवरा फ्लोरिडाला निघून गेला तेव्हा कोल्बी आठवीत होता. बापाची गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हाही विमान गेलं होतं, आणि बाप जाताना काहीतरी म्हणाला होता ते दोघांनाही ऐकू आलं नव्हतं. नाव मात्र ठेवून गेला. तेच नाव पोरानं उचललं, छातीवर शिवून घेतलं, हेल्मेटवर लिहून घेतलं आणि आता ह्यांनी ते चोरलं. ‘प्रूएट मारू नकोस रे!’ असं म्हणत असतील. बिअर पिताना म्हणत असतील. एखादीचा ग्लास टेबलावरून पडला की म्हणत असतील, ‘झालं, प्रूएट!’ आणि हसत असतील. ती मुलगी हसली तशीच, सरळ मनानं, दुष्टपणा काही नाही. दुष्टपणा असता तर बरं झालं असतं, तिला क्रीमच्या पिशवीनं तोंडावर मारता आलं असतं.

घरी येऊन तिनं पर्स ओट्यावर टाकली, बूट पायात तसेच ठेवले आणि मागच्या खोलीत गेली. खिडकीचे पडदे ओढले. कोल्बीनं कॉलेजात असताना ही खोली विमानाच्या खेळासाठी थाटली होती. कॉम्प्युटरचे तीन पडदे, गाडीच्या भंगारातून आणलेली खुर्ची, उजव्या हाताला दांडी, डाव्या हाताला पॉवर द्यायचं थ्रॉटल, आणि पायाखाली पेडल ठेवायला तिच्याच बेकरीतून आणलेली पावाची लाकडी फळी. नौदलात जायच्या कितीतरी आधी पोरगा इथंच बसून जहाजावर उतरायचा. तिलाही बसवायचा. ती समुद्रात पडायची, डेकच्या कडेवर आपटायची, एकदा तर जहाजाच्या माडीला जाऊन धडकली आणि कोल्बी जमिनीवर लोळून हसला. “मम्मा, तू एकटीनं अर्धं नौदल बुडवलंस!” ह्या खोलीतलं तिनं काही हलवलं नव्हतं. बाया म्हणाल्या, काढून टाक, मनाला लागतं. चर्चमधल्या बायांना सगळ्याचा उपाय काढून टाकणं. आणि मग चौकशीचा निकाल घेऊन एक अधिकारी आला. पांढरे कपडे, मांडीवर टोपी, जेवणाच्या टेबलाशी बसून त्यानं तो मऊ आवाजात तिला सांगितला. वैमानिकाचं दिव्यावरचं लक्ष शेवटच्या टप्प्यात उडालं, पॉवर उशिरा दिली गेली. ग्लेनिसनं विचारलं होतं, “आणि हे तुम्हाला खुर्चीत बसून कळलं?” तो म्हणाला, “मॅम, आम्ही सगळं तपासलं.” ठीक आहे, ती मनात म्हणाली होती. खुर्ची माझ्याकडेही आहे.

तिला सिद्ध करायचं होतं की ते कुणालाही जमलं नसतं. एवढंच. तेव्हापासून तिनं पडद्यांवर तशीच रात्र लावली, चंद्र नाही, खाली ढग, जहाजाचं शेपूट पाण्यावर वर-खाली होतंय. एका कोपऱ्यात डेकच्या काठाशी तो दिव्यांचा खांब, हिरव्या ओळीच्या मधे पिवळा ठिपका. ठिपका ओळीच्या वर गेला की आपण उंच, खाली गेला की आपण मरतोय. बाकी काही बघायचं नाही. आणि चाक टेकलं की थ्रॉटल मागं ओढायचं नाही, पुढं ढकलायचं, पूर्ण. कारण विमान अडवायला डेकवर ताणलेल्या तारेत मागचा आकडा अडकलाच नाही तर पुन्हा उडता आलं पाहिजे. माणसाचं सगळं अंग थांब थांब म्हणत असतं आणि हात म्हणतो जा. कोल्बी म्हणायचा, मम्मा, ह्या एका गोष्टीसाठी वर्षभर शिकवतात. सुरुवातीचे कित्येक महिने ती रोज आपटायची. कामावरून यायची, एप्रन न सोडता बसायची, आपटायची, पडदे लाल व्हायचे, आणि ती मोठ्यानं म्हणायची, “बघा!” रिकाम्या खोलीत, त्या पांढऱ्या कपड्यांना उद्देशून, “बघा!” मनाला किती गार वाटायचं त्यानं. प्रत्येक आगीनं तिचं पोरगं दोषातून थोडं सुटायचं. आणि मग एके संध्याकाळी ती उतरली. पिवळा ठिपका मधोमध राहिला, हात आपोआप पुढं गेला, आकड्यानं तार धरली, पडदे जागच्या जागी थांबले. ती खुर्चीवरून उठली आणि न्हाणीत जाऊन ओकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरली. नंतर उतरतच राहिली. आपटायचंच ठरवून बसली तरी शेवटच्या क्षणी हात ऐकेना. क्रीमची गुलाबं काढून काढून तिच्या हातांना बारीक ओढ कळायची, तीच इथं कामाला आली. कोणत्या आईला असं कौशल्य हवंय? तिच्या प्रत्येक चांगल्या लँडिंगला तो अधिकारी जणू टेबलाशी बसून मान हलवायचा. मॅम, जमतं की. मग ती चिडून पाऊस वाढवायची, लाटा वाढवायची, विमानाचं एक इंजिन बंद करायची. कधी पडायची, पण दहातल्या नऊ वेळा उतरायची. आणि अंथरुणावर पडल्यावर तिला राग यायचा तो कुणाचा, हे ती चर्चमध्येही कबूल करणार नव्हती. अरे गाढवा, मला येतं, मला! रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या बाईला येतं! तुला काय झालं होतं खाली बघायला? काय होतं तिथं खाली?

आजही ती उतरली. एकदा, पुन्हा, पुन्हा. दात आवळून. क्रीमनं चिकट झालेली बोटं दांडीवर चिकटत होती. अंगणात गवत कापायचं यंत्र सुरू झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आज शनिवार, आणि ब्रॅडी आलाय.

ब्रॅडी ओस्टरमन दर शनिवारी यायचा. कोल्बीचा जिवलग मित्र. दोघांनी एका खोलीत राहून उडायला शिकलेलं, एकमेकांचे मोजे घातलेले. जमिनीवर असला की हा पोरगा यायचा, गवत कापायचा, पन्हळ साफ करायचा, मग स्वयंपाकघरात उभ्यानं तिची हॅम घातलेली, पावासारखी मऊ बिस्किटं खायचा आणि जायचा. कोल्बी पडला त्या रात्री जहाजाच्या शेपटाशी, डाव्या कडेला, वाऱ्यात, कानाला फोन लावून तोच उभा होता. येणाऱ्या प्रत्येक विमानाला वाट दाखवायला तिथं एक वैमानिकच उभा असतो, त्याला हे लोक पॅडल्स म्हणतात. पॅडल्स बघतो, सांगतो, थोडं वर, थोडी पॉवर. आणि नाहीच जमत असं दिसलं की म्हणतो ‘वेव्ह ऑफ’, म्हणजे उतरू नकोस, वर जा. वेव्ह ऑफवर वाद नसतो. ते ऐकलं की अॅडमिरल असो, कुणी असो, थ्रॉटल पुढं आणि वर. उतरल्यावर तोच पॅडल्स खाली येऊन, सगळ्यांच्या देखत, तोंडावर तुमचे मार्क सांगतो, ते भिंतीवर रंगानं लागतात, त्यावरही वाद नसतो. ग्लेनिसला हे सगळं ठाऊक होतं, आणि त्या रात्री त्या आवाजाचा धनी कोण होता हेही ठाऊक होतं. तरी ती त्याला बिस्किटं घालत आली होती. कोण जाणे का. कदाचित तोच एक ‘कोल्बी’ म्हणताना आवाज खाली आणत नसे म्हणून. पण ‘फिल्म दाखवतात आम्हाला’ असं तो मुलगा म्हणाला, तेव्हाच तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. गेल्या वर्षापासून ब्रॅडी शिकवायला लागलाय. पॅडल्स लोकांना आणि नव्या वैमानिकांना. पगार वाढला म्हणून तिनं त्याला पीच भरलेला पायही भाजून दिला होता.

यंत्र थांबलं. मागचं दार वाजलं. “मिस ग्लेनिस? मागच्या बाजूचं राहिलंय, पण कुंपणापाशी...”

“आत ये.”

“बूट चिखलाचे आहेत.”

“असू दे. ये म्हटलं ना.”

तो दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात, मानेवर गवताचे तुकडे. ह्या खोलीत तो अंत्यविधीनंतर आला नव्हता. पडद्यांवरची रात्र बघून त्याचा चेहराच बदलला. ग्लेनिस खुर्चीत अर्धी वळली.

“ब्रॅडी, प्रूएट म्हणजे काय रे?”

नेमकं तेव्हाच वरून विमान गेलं. दोघं थांबले, सवयीनं. तो खिडकीकडे बघत राहिला, जणू ते आणखी थोडा वेळ चाललं तर उपकार होतील.

“गेलं विमान,” ती म्हणाली. “बोल.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“गिऱ्हाइकानं. केकवर लिहून दिलं मी. मोठ्या अक्षरात. त्यांना आवडलं माझं अक्षर.”

“अरे देवा.”

“देवाला कशाला मधे घालतोस? त्यानं नाही ठेवलं हे नाव. कुणी ठेवलं?”

“पोरांनी ठेवलं, मिस ग्लेनिस. ठरवून नाही ठेवत कुणी. चिकटतं.”

“चिकटतं! च्युइंगम आहे ना तो. आणि फिल्म कोण दाखवतं?”

तो टोपीची कड दोन बोटांत फिरवत राहिला. लहानपणी चोरी सापडल्यावर कोल्बी उभा राहायचा तसाच, एका पायावर भार टाकून. त्या उभं राहण्यानं तिचा राग दुप्पट झाला.

“मी दाखवतो,” तो शेवटी म्हणाला. “प्रत्येक वर्गाला. दुसऱ्या कुणी दाखवलेली मला चालली नसती.”

“आणि मग ते प्रूएट म्हणतात तेव्हा तू काय करतोस?”

“पहिल्यांदा म्हणाला त्या पोराला मी वर्गाबाहेर काढलं. भिंतीला लावून धरलं त्याला. खरंच. मग बघितलं की तो शब्द ऐकला की पोरं घाबरतात. आणि घाबरली की दिव्याकडे बघतात. ह्या वर्षी एकही नाही झालं तसं, मिस ग्लेनिस. एकही नाही. मला वाटलं, निदान तेवढं तरी...”

“तेवढं तरी काय? माझ्या पोराचा बागुलबुवा केलास तू! नीट जेव नाहीतर प्रूएट येईल! हे सांगायचं नव्हतं मला? दर शनिवारी माझी बिस्किटं गिळत होतास, तोंडात मूग धरले होतेस का?”

“कसं सांगायचं होतं?”

“तोंडानं! तुम्ही लोक तोंडावर सांगता ना सगळं? त्याचाच तोरा मिरवता ना?”

ती वळली, बटण दाबलं, रात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तिनं त्याच्याकडे न बघता म्हटलं, “बघ आता.” आणि उतरली. काही विशेष नाही, एखादी बाई ओव्हनमधून ट्रे काढते तशी उतरली. पडदे थांबले. “पाहिलंस? मी. बेकरीवाली. तर मग तो का नाही?” ब्रॅडी हळूच म्हणाला, “इथं खुर्ची खाली जात नाही, मिस ग्लेनिस. तिथं पोटातलं सगळं...” “हे नको सांगूस. हे सगळे सांगतात. पाद्री पण सांगतो, तो कधी बदकाच्या होडीतसुद्धा बसलेला नाही.” ती थांबली. “आता तू बोल. त्या रात्री बोललास ते. शब्दाला शब्द. तसंच.”

“नको.”

“फिल्ममध्ये तुझा आवाज आहे. पोराटोरांना ऐकवतोस. मला ऐकव.”

तो तिच्या मागे, डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. तिथंच का, ते सांगावं लागलं नाही. त्याच्या अंगाला कापलेल्या गवताचा आणि पेट्रोलचा वास येत होता. तिनं रात्र सुरू केली. दूरवर जहाजाचे बारीक दिवे आले, मग हिरवी ओळ, मग पिवळा ठिपका, नीट मधोमध. आणि ब्रॅडी बोलायला लागला. तिची अपेक्षा काय होती कोण जाणे, किंकाळी, हुकूम, काहीतरी. पण तो आवाज मऊ होता. अगदी मऊ. ‘अजून एक बिस्किट घेऊ का, मिस ग्लेनिस?’ असं विचारायचा त्याच आवाजात तो म्हणाला, “छान येतोयस... थोडी पॉवर... हळूच... थोडी पॉवर...” आणि ग्लेनिसचे खांदे सैल झाले. तिला कळलं की ते सैल झाले. ह्या आवाजाजवळ काही वाईट होऊच शकत नाही, असं तिच्या हाताला वाटलं. ओळखीचा माणूस आहे, घरी पोचलोच आहोत, असं वाटलं. आणि घर कुठं आहे म्हणून तिनं खाली बघितलं. एक क्षण. डेक केवढा तरी मोठा होऊन वर येत होता, चांगला रुंद, पिवळ्या रेघांचा, अगदी उतरावंसं वाटेल असा. “पॉवर! पॉवर! वेव्ह ऑफ, वेव्ह ऑफ!” ब्रॅडी तिच्या कानाशी ओरडला, पण पडदे लाल झाले होते.

ती तशीच बसून राहिली. त्याच रात्रीत आपटणं इतके महिने जमत नव्हतं, ते आज जमलं होतं. ‘बघा’ म्हणायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं आणि वेगळंच आलं.

“इतक्या हळू?”

“तसंच शिकवतात,” ब्रॅडी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “जवळ आल्यावर वैमानिकाला दचकवायचं नाही. दचकला की...”

“दचकवायचं नाही!” ग्लेनिस उठली. खुर्ची मागच्या भिंतीला आदळली. “तो पडत होता आणि तू त्याला थोपटत होतास! निजवत होतास त्याला! दचकवायचं होतंस! शिव्या घालायच्या होत्यास, त्याच्या बापाच्या नावानं ओरडायचं होतंस! मी असते तर जहाजाचे पत्रे फाटेपर्यंत ओरडले असते!” आणि खरंच ती ओरडली असती. पोरगं लहान असताना ती समुद्रावर वाळूत उभी राहून ओरडायची, कोल्बी, मागं ये, कोल्बी, ती लाट बघ! सगळा किनारा वळून बघायचा आणि बाकीच्या आया डोळे मिचकावून हसायच्या. पाण्यातनं बाहेर येऊन पोरगं लालबुंद होऊन म्हणायचं, मम्मा, ओरडत जाऊ नकोस ना, सगळे हसतात. पाचवीत गेल्यावर त्यानं तिच्याकडून वचन घेतलं होतं. आणि ह्या मूर्ख बाईनं ते पाळलं. विमानतळावर शेवटचा निघाला तेव्हासुद्धा ही हळूच बोलली.

“हो,” ब्रॅडी म्हणाला. “ओरडायला हवं होतं.”

त्याच्या ह्या ‘हो’नं तिचं समाधान झालं नाही. ‘हो’ म्हणणं सोपं असतं. तिनं खुर्ची ओढून जागेवर आणली. “बस.”

“मिस ग्लेनिस...”

“बस म्हणते ना. तू उड. पॅडल्स मी.”

तो बसला. पाय फळीवर मावेनात, त्यानं गुडघे दुमडून घेतले. त्याच्या हातात दांडी गेली आणि लगेच दिसलं की हा खरा. पिवळा ठिपका जणू खिळ्यानं ठोकला होता. किती देखणं येत होतं ते विमान, अंधारातून, न डगमगता. तिच्या पोराला कुणी असं येऊ दिलं नव्हतं. तिनं त्याच्या डाव्या खांद्यामागे उभं राहून हात कमरेवर ठेवले आणि घसा ताणून ओरडली, “वेव्ह ऑफ!”

“पण मी तर बरोबर...”

“वाद घालतात तुमच्यात? वर जा!”

त्याचा डावा हात पुढं गेला. विमान डेकवरून गर्जत गेलं आणि अंधारात चढलं. त्यानं वळसा घेतला, पुन्हा आला, पुन्हा ठिपका मधोमध. ह्या खेपेला तिनं आणखी लांबूनच सांगितलं. “वेव्ह ऑफ! वर जा!” तो गेला. पुन्हा आला. जहाज नुसतं ठिपक्याएवढं दिसत होतं तेव्हाच ती ओरडली. शेजारच्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली. तिचा आवाज बसत चालला, पण बसू दे. इतकी वर्षं जपून ठेवलेला आवाज होता तो. ब्रॅडी एकदाही मागं वळला नाही. प्रत्येक वेळी हात पुढं, नाक वर, वळसा. त्याची मान घामानं चमकत होती आणि गवताचे तुकडे तिथं चिकटले होते. कुणाला उतरू द्यायचंच नव्हतं तिला. जहाजाच्या त्या लोखंडी फळीवर तिच्या देखत कुणी उतरणार नव्हतं.

“इंधन संपत आलं,” तो म्हणाला. पडद्यावर एक लाल आकडा लुकलुकत होता. “आता एकदाच येता येईल. उतरू दे मला.”

“नाही.”

“मग विमान समुद्रात जाईल.”

“जाऊ दे ना! खड्ड्यात गेलं तुमचं विमान!” तिनं त्याचा खांदा पकडला, शर्टासकट, कातडीसकट. “बाहेर पड. ती मूठ आहे ना, सीटखालची, उडी मारायची? ती ओढ. आत्ता. मी सांगते म्हणून ओढ!”

ब्रॅडीचा हात गुडघ्यांमधे गेला. तिथं कोल्बीनं बसवलेली पिवळीकाळी दोरीची मूठ होती. त्यानं ती ओढली. पडदे पांढरे झाले, मग काळे, मग वर पॅराशूटची छत्री उघडली. लांब खाली रिकामं विमान एकटंच तिरपं होऊन पाण्यात गेलं, थोडा फेस आला आणि संपलं. माणूस मात्र लोंबकळत, हळूहळू, काळ्या पाण्याकडे उतरत होता. जिवंत. पाण्याला पाय लागेपर्यंत ग्लेनिसनं खांदा सोडला नाही, आणि ब्रॅडीनंही तो सोडवून घेतला नाही. तो रडत होता, पण त्याचं तो बघेल.

“हे आम्ही कुणाला शिकवत नाही, मिस ग्लेनिस,” तो म्हणाला. “चांगलं विमान टाकून कुणी...”

“मग शिकव,” ग्लेनिस म्हणाली. घशातून जेमतेम आवाज निघत होता. “सोमवारपासून शिकव. आणि ह्याला म्हण प्रूएट.”